बांगडा आधी कागदावर, मग तव्यावर

फोंड्याच्या बाजारातली माझी नेहमीची मासळीवाली मला पाहिलं की एक बांगडा वेगळा काढून ठेवते. तो कापायचा नाही, पोट फाडायचं नाही, शेपटीही छाटायची नाही. पहिल्यांदा मी असं सांगितलं तेव्हा तिचा आदोळीवरचा (म्हणजे विळीवरचा) हात थांबला. "चित्र काडटली? मागीर खातली मगो?" खाते म्हटलं, तेव्हा तिचा जीव खाली पडला. नुस्तें, म्हणजे मासळी, फुकट जाणार नसेल तर माणसाने त्याचं काय हवं ते करावं, एवढंच तिचं म्हणणं.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी आणि निसर्गाची माहिती देणाऱ्या फलकांसाठी प्राण्यांची चित्रं काढते. लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. एवढे फोटो मोबाइलवर असताना मेलेला मासा, मेलेला किडा समोर कशाला लागतो? आणि लागत असेलच, तर तो आणायचा कुठून? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यात कायदा आहे, नीती आहे आणि माझी स्वतःची एक चूकही आहे.

आधी बांगडा. घरी आल्यावर तो पांढऱ्या बशीत ओल्या फडक्यावर, खिडकीजवळ. पहिली पंधरा-वीस मिनिटं मी नुसती मोजत बसते. पाठीवर दोन पर, पुढचा काटेरी, मागचा मऊ, मध्ये मोकळी जागा. मागच्या पराच्या मागे शेपटीपर्यंत पाच सुटे, इवलेसे पर. पोटाच्या बाजूलाही तसेच पाच. हॉटेलांच्या पाट्यांवरचे बांगडे एकदा निरखून पाहा. हे इवले पर कुठे तीन, कुठे सात, तर कुठे करवतीला काढावी तशी नुसती दातेरी रेघ. छातीवरच्या पराच्या खालच्या कडेपाशी एक काळा ठिपका असतो, तो तर बहुतेक जण विसरतातच. डोळ्यावर पुढून आणि मागून चरबीची पारदर्शक पापणी आलेली असते. फोटोत ती निव्वळ चमक वाटते, हातात घेऊन तिरकं पाहिलं की तिची कड दिसते. तोंड उघडलं की आत कल्ल्यांना लागून कंगव्याच्या दातांसारखी लांब, पातळ चाळण दिसते. बांगडा पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, त्याची ही सोय. एकदा हे कळलं की त्याचं तोंड काढताना हात वेगळा चालतो, कारण तो जबडा चावण्यासाठी नाही, उघडा ठेवून पोहण्यासाठी आहे.

रंगाचं तर विचारूच नका. पाठीवरची निळी-हिरवी झाक बाजारातून घरी येईपर्यंतच मंदावलेली असते. पोटावरची चांदी हा मुळात रंगच नाही. कातडीत ग्वानीन नावाच्या पदार्थाचे अतिशय पातळ स्फटिक असतात, त्यांच्यावरून परतलेला तो प्रकाश. बशी थोडी फिरवली की गुलाबी, आणखी फिरवली की सोनेरी, मग राखाडी. फोटोत यातली एकच छटा अडकते, आणि तीही फोन बनवणाऱ्याने ठरवलेली.

हा फोटो आणि नमुना यांतला फरक. कॅमेरा जवळ नेला की नाक मोठं आणि शेपूट लहान होतं, लांब नेला की खवले दिसत नाहीत. खालची बाजू, आतली बाजू, जाडी, वजन हे काही त्यात नसतं. शिवाय दुसऱ्याने काढलेला फोटो पाहून जसंच्या तसं चित्र काढणं म्हणजे त्याच्या मेहनतीवर डल्ला, आणि कॉपीराइटचा कायदाही त्यावर बोट ठेवतो. फोटोत एक विशिष्ट बांगडा असतो. माहितीच्या चित्रात मात्र बांगडा ही जात दिसायला हवी, म्हणजे पाहणाऱ्याला उद्या बाजारात तो ओळखता आला पाहिजे. त्यासाठी चार-पाच बांगडे हाताळलेले असावे लागतात. दुपारी दीडच्या सुमाराला माझा नमुना रवा लावून तव्यावर जातो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दिवसांत हा अभ्यास बंद. बर्फातल्या बांगड्याचे डोळे आत गेलेले असतात, त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

नमुना न पाहता काढलेल्या चित्राचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्या गोव्यातूनच निघालं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसो द अल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो पोर्तुगालचा राजा मानुएल याच्याकडे धाडायचं ठरवलं. जानेवारी १५१५ मध्ये गेंडा गोव्याहून जहाजावर चढला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. युरोपने कित्येक शतकांत जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता, त्यामुळे गावभर बोभाटा झाला. कोणीतरी पत्र लिहिलं, सोबत कच्चं रेखाटन जोडलं. ते जर्मनीत अल्ब्रेख्त ड्यूररच्या हाती लागलं. ड्यूरर मोठा कलावंत, पण गेंडा त्याने जन्मात पाहिलेला नव्हता. त्याने लाकडावर कोरलेल्या गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत, पायांवर खवले आहेत आणि खांद्यावर एक जादा छोटं शिंग आहे. चित्र इतकं देखणं झालं की पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपातले चित्रकार त्याचीच नक्कल करत राहिले, त्या जादा शिंगासकट. बिचारा खरा गेंडा पुढे पोपसाठी इटलीला पाठवला गेला आणि १५१६ च्या सुरुवातीला जहाज फुटून बुडाला.

ड्यूररला हसण्याआधी दुसरी गोष्टही ऐका, कारण नमुना हातात असूनही फसायला होतं. १५२२ मध्ये मॅगेलनच्या मोहिमेतलं जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून परतलं तेव्हा त्यावर न्यू गिनी भागातल्या बर्ड ऑफ पॅरडाइज पक्ष्यांची सुकवलेली कातडी होती. तिथले शिकारी कातडं तयार करताना पाय कापून टाकत. युरोपात हे कोणी विचारलंच नाही. मग पंडितांनी तर्क लढवला: पाय नाहीत म्हणजे हा पक्षी जमिनीला कधी टेकतच नसणार, वाऱ्यावरच जगत असणार! १७५८ मध्ये जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने त्यातल्या एका जातीचं नाव ठेवलं 'अपोडा', म्हणजे बिनपायाचा. ते आजही तसंच आहे.

मला वाटतं, या दोन्ही गोष्टींत उणीव एकाच गोष्टीची आहे, आणि ती म्हणजे चिठ्ठी. संग्रहालयातला पक्षी कधी जवळून पाहिलात तर तो डहाळीवर बसलेला नसतो. पोटात कापूस भरून उताणा निजवलेला असतो, डोळ्यांच्या जागी कापूस, पाय एकमेकांवर आणि पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. कुठे मिळाला, कधी, नर की मादी, कोणी आणला. कधी डोळ्यांचा आणि पायांचा रंगही लिहिलेला असतो, कारण हे रंग वर्षभरात विटून तपकिरी होतात. चिठ्ठीवाचून पक्षी म्हणजे नुसतं कातडं. त्याचं चित्र काढलंत तर पिवळे पाय मातकट काढाल, पावसाळ्यातली पिसं हिवाळ्यात दाखवाल.

हीच चिठ्ठी नीतीचीही आहे. 'हा प्राणी माझ्यापर्यंत कसा आला?' याचं उत्तर ज्या नमुन्याला नाही, तो कलेच्याही कामाचा नाही आणि जवळ ठेवण्याच्याही लायकीचा नाही. इंग्रजीत ज्याला 'एथिकली सोर्स्ड' म्हणतात त्याचा माझ्यापुरता अर्थ एवढाच: चिठ्ठी खरी लिहिता येते, आणि ती चारचौघांत वाचून दाखवताना मान खाली घालावी लागत नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण इथे चांगले-चांगले निसर्गप्रेमी घसरतात. गेल्या वर्षी बोंडला अभयारण्याच्या वाटेवर माझ्या भाचीला धनेशाचं पीस सापडलं. हातभर लांब, पांढरं, मध्ये काळा पट्टा. ती ते वहीत ठेवायला निघाली आणि मी नको म्हटलं, तेव्हा तिने जे तोंड केलं ते अजून आठवतं. "मावशी, ते तर पडलेलंच आहे ना!"

पडलेलंच आहे, खरं. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पडलेलं आणि उपटलेलं यांत भेद करत नाही. यादीतल्या प्राण्याचं पीस, शिंग, हाड, कवच, दात, नख, केस, अंडं, घरटं, इतकंच काय मधमाश्यांचं पोळंसुद्धा त्याच्या व्याख्येत येतं. कलम ३९ सांगतं की असा प्राणी मेलेला सापडला तरी तो सरकारची मालमत्ता. कोणाच्या हाती आलाच तर ४८ तासांत पोलिस ठाण्याला किंवा वन खात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं. परवानगीशिवाय जवळ ठेवायचा नाही, कोणाला द्यायचा नाही, नष्टही करायचा नाही. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांची, संख्या सहावरून चारवर आणली आणि कावळा, उंदीर, फळं खाणारं वटवाघूळ असे 'उपद्रवी' म्हणून वेगळे काढलेले प्राणी ज्यात होते ते पाचवं परिशिष्टच गेलं. चित्रकाराने यादी पाठ करत बसू नये. रानातला पक्षी म्हणजे संरक्षित, असं धरून चालावं. ओळखीचा अपवाद मोराचा. त्याच्या आपोआप गळलेल्या शेपटीच्या पिसांना देशात सूट आहे, म्हणून ती जत्रेत मिळतात. पण ते पीस बघून 'मग धनेशाचंही चालेल' असा हिशोब मांडू नये.

कायदा इतका कडक का, हे भाचीला समजावणं मात्र सोपं गेलं. पिसाकडे बघून सांग, हे गळलंय की कोणी पक्षी मारून उपटलंय? तिने उलटंसुलटं करून पाहायला हात पुढे केला, मग स्वतःच मागे घेतला. सांगता येत नाही, तसं वनरक्षकालाही सांगता येत नाही. सापडलेली पिसं बाळगायला मोकळीक दिली की मारलेली पिसंही 'सापडली' म्हणून विकली जाणार. अमेरिकेत १९१८ पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या पिसांना हाच नियम आहे.

मग आम्ही काय केलं? पिसाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलं, ते २७ मिलिमीटरचं असतं, मापाला उत्तम. वरून सरळ एक फोटो, तिरक्या उजेडात एक, मग तिथेच मांडी घालून पंधरा मिनिटं रेखाटन. पीस जागच्या जागी राहिलं. रस्त्यावर गाडीखाली आलेलं कांडेचोर (उदमांजर) किंवा साप दिसला तर हेच करावं, हात न लावता. आमच्या मोलेच्या रस्त्यावर पावसाळ्यात असं दृश्य दुर्दैवाने कमी नाही. माकड मेलेलं दिसलं तर मात्र जवळही जाऊ नका. सत्तरी तालुक्यात माकडतापाने माणसं आजारी पडलेली आहेत, आणि तो रोग गोचिडींमार्फत पसरतो. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी नवं अंग शोधत असतात. वन खात्याला फोन करावा आणि निघावं.

पिसाची रचनाच शिकायची असेल तर गावठी कोंबडा झिंदाबाद. मटणवाल्याकडून एक अख्खा पंख मागून आणा. टोकाकडची मोठी पिसं मोजा, दहा भरतात. प्रत्येक पिसाचा दांडा बरोबर मधोमध नसतो, हवा कापणाऱ्या बाजूचं पातं अरुंद असतं आणि मागचं रुंद. हे एकदा बोटांना कळलं की घारीचा पंख काढतानाही चुकायचं नाही. मी घारीचा पंख आजवर हातात घेतलेला नाही आणि घ्यायची गरजही पडलेली नाही.

'कायद्यात बसतं' आणि 'नीतीला धरून आहे' या दोन गोष्टी दर वेळी एकच नसतात, हे मला एका पोराने शिकवलं. ती माझी चूक. मे महिन्यात आमच्या कुळागरातल्या, म्हणजे बागायतीतल्या, पोफळींवर सिकाडाची कात सोडलेली टरफलं चिकटलेली असतात. चित्रासाठी यासारखी चीज नाही. किडा उडून गेलेला, मागे त्याचा हुबेहूब पोकळ पुतळा, पुढच्या पायांच्या नांग्यांसकट. शेजारच्या मुलाने मला एक टरफल आणून दिलं आणि खूश होऊन मी त्याला आइसक्रीमला पैसे दिले. दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकच्या पिशवीत सात फुलपाखरं घेऊन दारात उभा. दोन जिवंत होती, बाकीची नव्हती. त्याचा काय दोष? मी भाव लावला होता, त्याने माल आणला.

तेव्हापासून मी स्वतःला दोन प्रश्न विचारते. मी चित्र काढणार नसते तरी हा प्राणी मेलाच असता का? आणि मी तो घेतल्यामुळे पुढचा एखादा मरेल का? बांगडा दोन्हींत पास. रानडुकराची कवटी पहिल्या प्रश्नात पास होईल, कारण ते मांसासाठी आधीच मारलेलं असतं, पण दुसऱ्यात नापास. कवटीलाही गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर शिकाऱ्याचा नफा वाढला. परदेशातल्या वेबसाइटवर 'नैसर्गिकरीत्या मेलेला' असं लिहून विकल्या जाणाऱ्या कवट्या आणि फुलपाखरांच्या चौकटी याच जातीच्या. विकणाऱ्याच्या शब्दापलीकडे त्यांची चिठ्ठी नसते. त्यात वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा साइट्स करार आडवा येतो. भारत त्यात १९७६ पासून आहे, आणि यादीतला जीव कागदपत्रांवाचून मागवलात तर पार्सल थेट कस्टमकडे.

एकदा एका पुस्तकासाठी खवल्या मांजर काढायचं होतं. काम देणारे गृहस्थ म्हणाले, "आमच्या ओळखीत एकाकडे खवले आहेत, आणून देऊ का संदर्भाला?" अगदी सहज, शेजारून वाटीभर साखर आणावी तसं. खवल्या मांजर पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि त्याच्या खवल्यांपायी जगभर त्याचा जीव घेतला जातो. खवला म्हणजे काय, तर आपल्या नखात असतं तेच केराटिन. मी नको म्हटलं आणि पुठ्ठ्याचे तीनेकशे खवले कापले. अंगाभोवती ११ ते १३ रांगा, कौलांसारख्या एकावर एक, वरच्या रांगेतल्या दोन कौलांच्या फटीवर खालचं एक. दुधीभोपळ्यावर चिकटवून तो भोपळा वाकवून पाहिला. बाकाच्या आतल्या बाजूला खवले कुठे दबतात, बाहेरून कुठे फाकतात हे त्या भोपळ्याने दाखवलं. चार सुटे खवले हातात घेऊन ते कळलं नसतं. पुढे गृहस्थांचे फोन जरा कमी झाले, त्याला इलाज नाही.

समुद्रकाठी तर मोह पावलोपावली. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की वाळूवर जे उरतं त्यात चित्रकाराची दिवाळी असते: इवल्या कुर्ल्या, माणक्या, लेपो, नावं माहीत नसलेले मासे. रापणकारांना विचारून यातलं पुष्कळ घेता येतं. पण समुद्रघोडा, समुद्रकाकडी, प्रवाळ आणि काही मोठे शंख २००१ पासून संरक्षित आहेत, सुकलेले असले तरी. समुद्रसाप तर कायद्यानेही नको आणि जिवाच्या भीतीनेही नको. मोरजी, आगोंद, गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे अंड्याचं टरफल उचलणंही गुन्ह्यात मोडतं. आणि पावसाळ्यात कोणी 'जंपिंग चिकन' म्हणून मोठा हिरवा-पिवळा बेडूक पुढे केला तर तो बांगड्यासारखा 'नाहीतरी खायचाच' या सदरात बसत नाही. तो पकडणंच बेकायदा आहे. माशाला लावलेला न्याय बेडकाला लागू होत नाही, हे आमच्याकडे काहींना अजून पटवावं लागतं.

मुंगसाच्या ब्रशबद्दल मात्र मला थोडं चढ्या आवाजात बोलायचं आहे. नमुना नीतीने मिळवला, रंग पाण्याचे, कागद हातबनावटीचा, आणि ब्रश? मुंगसाच्या केसांचा. हा ब्रश पाणी छान धरतो, टोकही राखतो, म्हणून जुन्या चित्रकारांना प्रिय. केस ओळखू येतो: टोक गडद, मध्ये फिकट पिवळसर, खाली पुन्हा गडद. मुंगूस संरक्षित आहे, आणि हे केस मुंगूस जिवंत ठेवून कातरून काढत नाहीत. वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने २०१९ मध्ये 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर या ब्रशांवर छापे घातले. आज चांगले कृत्रिम केसांचे ब्रश मिळतात. तरी काही मंडळी जुना डबा उघडून अभिमानाने दाखवतात, "खरा मुंगूस हं!" त्यांच्या पाखरांच्या चित्रांचं मग मला कौतुक करता येत नाही.

खरा रानपक्षी, खरा सस्तन प्राणी जवळून पाहायचाच असेल तर रस्ता संग्रहालयाचा. संग्रहालयं आणि शैक्षणिक संस्था मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीने नमुने बाळगतात. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मुंबईतल्या संग्रहाची गोष्ट मराठी घरांत ठाऊक आहे. लहानग्या सालिम अलींनी छर्‍याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली, ती ओळखून घ्यायला ते तिथे गेले आणि सोसायटीचे सचिव मिलर्ड साहेब यांनी खणांमागून खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. ते पोर पुढे कोण झालं, ते आमच्या चोडणच्या अभयारण्यावरचं नाव सांगतं. आज कुणी पोर ती चिमणी घेऊन गेलं तर आधी त्याच्या वडिलांना वन खात्यात जावं लागेल. पण ते खण आहेत, आणि अभ्यासाचं कारण सांगून रीतसर विचारता येतं. शंभर वर्षांपूर्वी मारलेला पक्षी पुन्हा मारावा लागत नाही. एका कातड्यावरून शंभर जणांनी चित्रं काढावीत, हीच त्याच्या मरणाची भरपाई. जुन्या नमुन्यांना उघड्या हाताने शिवू नका. पूर्वी कीड लागू नये म्हणून त्यांना आर्सेनिक चोपडत. आणि पेंढा भरलेल्या वाघाचे डोळे-ओठ कधी चित्रात उतरवू नका. कातडं खरं असतं, पण डोळे काचेचे असतात आणि ओठ कारागिराच्या समजुतीचे.

घरात ठेवण्यासारखा माझा लाडका नमुना मात्र माडावरून येतो. आमचे पाडेली नारळ काढायला चढले की शेंड्यातल्या कोवळ्या पात्यांच्या बेचक्यात लोखंडी आकडा घालून गेंडा भुंगा ओढून काढतात. हा भुंगा न उलगडलेलं पातं पोखरतो. नंतर ते पातं उघडतं तेव्हा कात्रीने त्रिकोण कापल्यासारखं दिसतं. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. माड वाचवायचा तर भुंगा काढावाच लागतो, मग मी चित्र काढो वा न काढो. पूर्वी ते कोंबड्यांपुढे टाकत. आता एखादा काडेपेटीत घालून देतात. पैसे मी देत नाही, चहा देते. तो मी तसाही देतेच.

गोव्याची हवा नमुन्यांची वैरी. भुंगा काडेपेटीत तसाच ठेवलात तर जूनमध्ये त्याला बुरशीची दाढी येते आणि मुंग्या आतून पोकळ करतात. म्हणून आधी तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात (घरच्यांशी आधी बोलून घ्यावं, हा अनुभवाचा सल्ला). मग थर्मोकोलवर पाय टाचण्यांनी पसरून सुकवणं आणि शेवटी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डबीत. टाचणी अंगात खुपसायचीच तर उजव्या पाठपंखातून, मधल्या रेघेतून नाही, म्हणजे निदान डावी बाजू शाबूत राहते.

पहिला भुंगा मी काढला तेव्हा मला त्याच्याबद्दल सगळं माहीत आहे असं वाटत होतं. नावातच गेंडा. मी डोक्यावर मागे वळलेलं झकास लांब शिंग काढलं, चमकदार काळं अंग, सहा पाय. चित्र फर्मास झालं. मग काड्यापेटीतला नमुना भिंगाखाली धरला. पाय सहाही छातीला जोडलेले, मी दोन पोटाला लावले होते. मिशांच्या टोकाला पंख्यासारख्या तीन पाकळ्या, मी दोरा काढला होता. अंगाखाली तांबूस केस, मी काढलेच नव्हते. आणि शिंग? जेमतेम एक बुटका उंचवटा. पोटाच्या टोकाशी तांबूस केसांचा झुबका होता, म्हणजे मादी. लांब शिंग नराचं. काडेपेटीत मादी असताना मी कागदावर नर काढला होता, तोही मनातला. ड्यूररच्या नावाने हसणारी मी, गेंड्याला एक शिंग जास्त देऊन बसले होते.

ते चित्र मी फाडलं नाही, नव्याशेजारी चिकटवून ठेवलं आहे. नव्या डबीवर चिठ्ठी आहे: 'गेंडा भुंगा, मादी. फोंडा तालुका, घरामागचा तिसरा माड. नारळ पाडताना आकड्याने काढला. बदल्यात चहा, साखर कमी.'